टाकीखालच्या वायरी

जुनी मोटारसायकल कुणी कौतुकानं दाखवायला लागलं, की बाकीचे टाकीवरच्या रंगाकडे बघतात, क्रोमवर बोट फिरवतात, किक मारून आवाज ऐकतात. मी खाली वाकतो आणि टाकीच्या पोटाखाली, फ्रेमला लगटून मागे जाणारी ती काळी नळी शोधतो. हेडलाइटपासून निघालेल्या वायरी तिच्यात ओवलेल्या असतात. त्या नळीकडे बघितलं की गाडी कशा हातात आहे हे मला बरंचसं कळतं. रंग पैसे दिले की होतो. क्रोमही होतं. पण टाकी पुन्हा चढवली की जे मालकालाही दिसणार नाही, ते वायरींवरचं आवरण कुणी मन लावून बदललं असेल, तर त्या माणसाशी चार गोष्टी बोलाव्यात असं वाटतं.

ही सवय मला मामांच्या जावामुळे लागली. मामा जनावरांचे डॉक्टर. मिरजेत घर आणि नोकरी जत, कवठेमहांकाळच्या बाजूला. लाळ्या-खुरकूताची साथ आली की मागच्या सीटला लसीचा बर्फाचा डबा बांधून पहाटे निघायचे, ते रात्री जेवणं उरकल्यावर परतायचे. गाडी साठीच्या दशकातली, म्हैसूरच्या यादवगिरीतल्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात बनलेली. २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर. खिळ्यासारखी दिसणारी तिची चावी आणि किकचाच पुढे गिअर होणारा तो लिव्हर, या दोन गोष्टींचं मला लहानपणी फार आकर्षण होतं. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. गाडी मात्र सांगली-मिरजेच्या रस्त्यांवर त्यानंतरही फिरत होती. मामा गेल्यावर ती पडवीत उभी राहिली आणि मामी तिच्यावरून रोज फडकं मारत राहिली.

गाडी पुन्हा चालती करायची ठरली तेव्हा इंजिनाचं काय होईल ही सगळ्यांना काळजी होती. सीट काढली, टाकी उतरवली आणि वायरिंग पहिल्यांदा उजेडात आलं. नळी म्हणावी असं फार थोडं उरलं होतं. हँडलच्या मानेपाशी, जिथं वायरी रोज डावी-उजवीकडे वळतात तिथं ती तडकून तिचे तुकडे झाले होते. इंजिनाच्या बाजूला ती उष्णतेनं कडक पडली होती. पेट्रोलचा कॉक गळायचा त्या जागी तर हात लावला की पापुद्रे सुटत होते. आणि या सगळ्यावर टेप. टेपवर टेप. बोटभर जाडीची नळी कुठं कुठं मनगटाएवढी झाली होती.

ती टेप सोडवत बसलो, आणि हळूहळू लक्षात आलं की मी काहीतरी वाचतो आहे. सगळ्यात वर चकचकीत प्लास्टिकची टेप, अलीकडची. तिच्याखाली डांबराचा वास येणारी जुनी फडक्याची टेप, जी आता दुकानांत सहज मिळत नाही. एका जागी घराच्या वायरिंगमधला लाल वायरीचा वीतभर तुकडा जोडलेला. शेवटाला डाख दिलेला नाही, नुसता पीळ मारलेला, आणि तो पीळ हिरवा पडून कळकलेला. आणि मागच्या दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवर, टेपऐवजी, दवाखान्यातली चिकटपट्टी. एकदा पांढरी असलेली, आता चहाच्या रंगाची झालेली, पण घट्ट. ती मामांनीच लावली असणार. रात्री जतहून येताना मागचा दिवा गेला असेल, बॅगेत टेप नव्हती, चिकटपट्टी होती. तिच्या कडा कात्रीनं सरळ कापलेल्या होत्या. घाईच्या वेळीही त्यांचं काम तसंच असायचं.

चिकटपट्टी मी काढून ठेवली. वायर तिच्याखाली अगदी नीट होती.

मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. भोपळ्याला आकार देणारे, तारा चढवणारे हात तिथं पिढ्यान् पिढ्या बसलेले आहेत. त्या गल्लीपासून थोड्या अंतरावर एका चाचांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मामांची गाडी तेच बघायचे. सगळं वायरिंग उचलून त्यांच्याकडे नेलं आणि म्हटलं, “चाचा, नवीन सेट टाकू या का? तयार मिळतो.” त्यांनी उत्तर दिलं नाही. एका वायरीचं टोक ब्लेडनं इंचभर सोललं, चष्मा कपाळावर चढवून उजेडात धरलं. मग दुसरीचं. मग मधेच एका जागी साल अलगद चिरून बघितलं. “तांबं बघा की,” म्हणाले, “अजून गुलाबी हाय. वरचं कातडं तेवढं गेलंय. डॉक्टरसाहेबांच्या गाडीतलं चांगलं तांबं टाकून कशाला द्यायचं?”

मग त्यांनी एकेक वायर बोटाभोवती गुंडाळून बघितली. आतल्या बारीक तारा तुटल्या असतील तर त्या जागी वायर मऊ लागते, एकदम दुमडते. मीटरवर वाजवून बघणं त्यानंतर. मीटर एका तारेवरही वाजतो, बोटाला सगळ्या कळतात, असं त्यांचं म्हणणं. तीन वायरी त्यांनी बाजूला काढल्या. त्यांचं तांबं आतपर्यंत काळं पडलं होतं, आणि काळ्या तांब्याला डाख धरत नाही. त्या बदलायच्या. बाकीच्या ठेवायच्या, फक्त त्यांच्यावरचं आवरण नवं घालायचं.

ही गाडी ६ व्होल्टची. आजच्या गाड्या १२ व्होल्टच्या. २५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास करंट घेतो, तोच ६ व्होल्टवर ४ च्या वर. दाब कमी, म्हणून ओघ जास्त. त्यामुळे जुन्या गाडीत प्रत्येक सैल जोड, प्रत्येक कळकलेलं टोक दुप्पट छळतं. वाटेत अर्धा व्होल्ट हरवला तरी दिव्याचा उजेड त्याहून कितीतरी जास्त उतरतो आणि रस्ता पिवळट अंधारात जातो. जावाच्या दिव्याला लोक नावं ठेवायचे. त्यातला मोठा दोष दिव्याचा नव्हताच असं आता मला वाटतं. साल तडकते, ओल आत शिरते, तांबं हिरवं होतं, आणि जतच्या माळावर रात्री कुणाला तरी समोरचा खड्डा दिसत नाही.

आवरणाचा इतिहास तांब्याच्या इतिहासाइतकाच मला रंजक वाटतो, आणि तो कुणी फारसा सांगत नाही. तार ओढायची कला जुनी. तिच्यातून वीज पाठवता येते हे कळल्यावर खरी अडचण आली ती तिला झाकायची. पाण्यातून तार न्यायची तर पाणी लागू न देणारं काय घालायचं? मलायातल्या झाडाचा चीक, गटापर्चा, तेव्हा कामाला आला. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेनं लंडनशी जोडली गेली, ती तार याच चिकाच्या आवरणात होती. थंड, अंधाऱ्या समुद्रतळाशी तो चीक वर्षानुवर्षं टिकायचा. उन्हात, हवेत मात्र लवकर ठिसूळ व्हायचा. मग रबर आलं. रबर टिकावं म्हणून त्यात गंधक मिसळतात, आणि गंधक तांब्याला काळं करतं. म्हणून तांब्याच्या तारेवर आधी कथलाचा पातळ हात द्यायचा, म्हणजे चक्क कल्हई करायची, मग रबर चढवायचं. महायुद्धाआधीच्या गाड्यांत त्या रबरावर आणखी रोगण दिलेली सुती वीण असायची. असं एखादं वायरिंग बघायला मिळालं तर जरूर बघा. सुताचे रंग उडालेले असतात, तरी विणीतली रेघ अजून दिसते.

मग पीव्हीसी. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन नावाच्या रसायनतज्ज्ञानं त्याला मऊ करायची युक्ती शोधली. पीव्हीसी मुळात कडक. त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलं की ते वाकायला लागतं. पण ते द्रव्य पीव्हीसीला कायमचं बांधलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं. उष्णता त्याला बाहेर काढते, पेट्रोल ते खेचून घेतं, वर गुंडाळलेल्या टेपचा चिकटा ते पिऊन टाकतो आणि मग टेप चिकट, वायर कडक अशी उलटापालट होते. मामांच्या वायरींवर बोटाला लागत होता तो चिकचिकीत थर म्हणजे साठ वर्षांपूर्वी कारखान्यात घातलेला मऊपणाच होता. तो एवढ्या वर्षांत हळूहळू बाहेर येत राहिला होता. पीव्हीसी असं म्हातारं होतं.

तो थर काढायला मी रॉकेलची बाटली घेतली तेव्हा चाचांनी हात धरला. रॉकेल उरलासुरला मऊपणाही घेऊन जातं. “खोबरेल लावा. रात्रभर राहू द्या. सकाळी साबणाच्या पाण्यानं पुसा.” तसंच केलं. वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेल्या वायरींचे रंग सकाळी पहिल्यांदा दिसले. काळ्या वाटणाऱ्या वायरींतली एक निळी होती, एक तपकिरी, एक हिरवी. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. जावाच्या स्विचवर अक्षरांपेक्षा आकडे जास्त असतात, जर्मन पद्धतीचे. ३० म्हणजे थेट बॅटरीकडून आलेली, १५ म्हणजे चावी दिल्यावर जिवंत होणारी, ३१ म्हणजे अर्थ. हे आकडे जर्मनीत ठरले, चेक कारागिरांनी उचलले, म्हैसूरच्या कामगारांनी जोडले आणि मिरजेच्या चाचांना पाठ आहेत. ते त्यांना नावानं हाक मारल्यासारखे उच्चारतात. “तीस कुठाय? हां. आता पंधरा आण.”

नवी नळी कुठून आणायची हा प्रश्न चुटकीसरशी सुटला, तो कृष्णेमुळे. आमच्या पट्ट्यात नदीकाठी, विहिरींवर पाण्याच्या मोटारी आहेत आणि त्या जळतात, म्हणून गावोगाव मोटार रिवायंडिंगची दुकानं आहेत. त्या दुकानांत वॉर्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं आणि भिंतीला टांगलेली स्लीव्हची भेंडोळी असतात. फिकट पिवळी, वॉर्निश दिलेली एम्पायर स्लीव्ह मोटारीच्या पोटातली. ती उष्णता सोसते, पण वाकवली की चुरगळते. साधी काळी पीव्हीसी स्लीव्ह आम्हाला हवी होती, मीटरवर मिळते. दुकानदारानं तीन जाडीच्या काढून दिल्या आणि एवढ्या बारक्या कामाला एवढी चौकशी कशाला, असं न विचारता नळीच्या तोंडात वायरींचा जुडगा घालून बघितला. थोडी जागा मोकळी राहिली पाहिजे म्हणाला. घट्ट नळीत वायर ओढताना सोलते, आणि सैल नळीत पाणी साठतं.

हीट श्रिंक नावाची एक वेगळी नळी मिळते. गरम हवा मारली की आकसून वायरीला घट्ट बसते. तिचा मूळ आकार छोटाच असतो. ती ताणून मोठी केलेली असते, आणि ऊब लागली की परत पहिल्या आकाराला जाते. विलक्षण वस्तू आहे ही. जोडांवर मी ती वापरली. सबंध वायरिंगवर मात्र नाही. एकदा बसली की कापल्याशिवाय निघत नाही, आणि पुढे कुणाला एकच वायर बदलायची असेल तर त्याची वाट आपण आजच बंद करतो. खाचाखाचांची उभी चिरलेली प्लास्टिकची नळी तर जुन्या गाडीवर घालूच नये. तिच्या चिरेतून माती आणि पाणी आत जातं आणि तिथंच राहतं.

नळी चढवायचं काम सगळ्यात निवांत. नळी ऊन पाण्यात बुडवून मऊ करायची, कोरडी करायची, आतून टाल्कम पावडर फुंकायची. वायरींची टोकं एकाच जागी न आणता पायरीपायरीनं मागे-पुढे ठेवून टोकदार निमुळता जुडगा बांधायचा, त्याला सुतळी, आणि सुतळी दुसऱ्या टोकाला. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं नळी हातात सरकवत न्यायची. जोर लावायचा नाही. अडली की थांबायचं, थोडं मागे घ्यायचं, पुन्हा सरकवायचं. जिथं फाटा फुटतो, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूला डायनामोकडे वायरी उतरतात तिथं, नळी संपवून न चिकटणारी टेप गुंडाळायची आणि शेवटाला मेणाच्या दोऱ्याची गाठ. न चिकटणारी टेप ऐकून मला नवल वाटलं होतं. पण कारखान्यातून येणाऱ्या वायरिंगवर तीच असायची. चिकटाच नसेल तर तो कधी पाझरणारही नाही. हँडलच्या मानेपाशी मात्र वायरींना ढील हवी. हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे फिरवून बघायचं, कुठंही ताण दिसता कामा नये. आणि पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबराची ग्रोमेट. पत्र्याची कड वर्षभर थरथरत राहिली तर कुठलीही साल कापते, आणि वर तर पेट्रोलची टाकी आहे.

पत्र्याची ती कड मी बोटानं पुन्हा पुन्हा चाचपून बघितली. तांबं वीज नेतं, त्याचं कौतुक सगळे करतात. साल काहीच नेत नाही, आणि तिनं काही न नेणं यावरच सगळं उभं आहे. तीस आणि पंधरा एका नळीत, एकमेकींना खेटून, टाकीखालून सोबत जातात. त्यांच्यात केसाएवढं अंतर असतं, आणि तेवढं अंतर राखलं म्हणून हॉर्न दाबला की हॉर्नच वाजतो, ब्रेक दाबला की मागचाच दिवा लागतो. मामांच्या त्या सगळ्या फेऱ्या, लसीच्या डब्यातला तो बर्फ, रात्रीच्या वस्तीवर दिवा घेऊन वाट बघत उभे असलेले खिलाराचे मालक, हे सगळं केसाएवढ्या जाडीच्या पीव्हीसीनं इतकी वर्षं सांभाळलं होतं. त्या पीव्हीसीची आठवण कुणी काढली नाही. मामांनाही ती फक्त बिघाड झाल्यावरच झाली असेल, आणि तेव्हा त्यांनी आपल्याजवळ होतं ते, म्हणजे जनावरांच्या जखमेवर लावायची चिकटपट्टी, तिला दिलं.

मामी पडवीच्या पायरीवर बसून बघत होती. नळीत सगळ्या वायरी गेल्यावर म्हणाली, “म्हणजे गोधडीला नवी खोळ घातलीस की रे. आतली ठिगळं तीच.” याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

२०२१ साली केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी त्यात बसते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालत नाही. नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात. हे चांगलंच झालं. वायरिंगचा विचार तिथं नाही, आणि तो असावा अशी माझी मागणीही नाही. पण मूळ रूप म्हणजे काय, हा प्रश्न त्या नियमामुळे माझ्या डोक्यात राहिला. कारखान्यातून आली तशी गाडी, हे एक उत्तर. पण मामांची गाडी कारखान्यातून आली तशी त्यांच्या हाती एकच दिवस होती. दुसऱ्या दिवसापासून ती जतच्या रस्त्यांची व्हायला लागली. घराच्या लाल वायरीचा तो वीतभर तुकडा मूळ नाही, तरी मला तो परका वाटत नाही. त्याचं तांबं उत्तम होतं. डाख देऊन, वर नळी घालून, आम्ही तो आहे तिथंच ठेवला.

तयार नवीन सेट टाकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. उंदरांनी कुरतडलेलं, शॉर्ट होऊन जळलेलं, आतपर्यंत काळं पडलेलं वायरिंग हौसेपोटी ठेवणं धोक्याचं आहे. अशा वेळी मन घट्ट करून बदलावं आणि फ्यूज नीट आहे ना हे आधी बघावं. माझं भांडण आहे ते न बघता कापण्याशी. हल्ली गाडी सोडवायला घेतली की पहिल्या तासातच पक्कड लावून सगळं वायरिंग कापून काढतात आणि कोपऱ्यात फेकतात, कारण ते घाण दिसतं. त्या घाणीखाली काय आहे हे बघायला एक ब्लेड आणि एक संध्याकाळ पुरते.

तुमच्या घरी, पडवीत किंवा गोठ्याशेजारी अशी एखादी गाडी उभी असेल आणि मिस्त्री “सगळं नवीन टाकू” म्हणाले, तर त्यांना थोडं थांबवा. वायरींची टोकं इंचभर सोलून उजेडात धरा. मधेही एक-दोन जागी बघा. गुलाबी असतील तर नवी नळी आणा, ती महाग नसते. आणि जुनं वायरिंग काढावंच लागलं, तर प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधून ते एका पिशवीत ठेवा. पुढं जो कुणी ही गाडी उघडेल, त्याला त्याच्याइतका खरा नकाशा कुठल्याही दुकानात मिळणार नाही.